व्याप्ती : एका शब्दाच्या हद्दीत बीड जिल्हा

१.
१ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. राज्य बदलले, राजधानी बदलली, उच्च न्यायालय बदलले. मात्र बीडच्या शेतकऱ्याच्या जमिनीला लागू असलेला कायदा त्या दिवशी बदलला नाही. तो हैदराबादचाच राहिला आणि त्याचा बराचसा भाग आजही हैदराबादच्याच नावाने उभा आहे. असे का झाले, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातील एका लहानशा शब्दात दडलेले आहे. इंग्रजीत तो ‘एक्स्टेंट’, कायद्याच्या मराठीत ‘व्याप्ती’. त्या शब्दाचा आणि त्याने घडवलेल्या बीडच्या इतिहासाचा हा धागा.

२.
कोणताही भारतीय कायदा उघडून पाहावा. पहिल्या कलमाच्या समासात बहुधा तीन गोष्टी असतात : संक्षिप्त नाव, व्याप्ती आणि प्रारंभ. नाव म्हणजे कायद्याची ओळख. प्रारंभ म्हणजे तो कधीपासून अमलात आला ती तारीख. व्याप्ती म्हणजे तो कुठपर्यंत पोहोचतो याची मर्यादा. वाचणारे बहुधा हे कलम ओलांडून पुढे जातात. पण पुढची शंभर कलमे आपल्याला लागू आहेत की नाहीत, हे ठरते ते इथेच.

३.
शब्दाचे मूळही मोठे बोलके आहे. लॅटिन भाषेतील ‘ताणणे, पसरणे’ या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. इंग्लंडमध्ये नॉर्मन राजवटीनंतर रुळलेल्या फ्रेंच बोलीतून तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता जमिनीची पाहणी आणि मोलठरावणी. अमक्या जहागिरीत शेत किती, कुरण किती, कुळे किती, उत्पन्न किती, अशा नोंदवहीलाच त्या काळी ‘एक्स्टेंट’ म्हणत. कर्जदाराच्या जमिनीची किंमत ठरवून ती धनकोच्या हवाली करण्याच्या हुकुमालाही तेच नाव होते. ‘पसारा’ किंवा ‘मर्यादा’ हा आजचा सर्वसाधारण अर्थ त्यातून पुढे स्थिरावला. म्हणजे हा शब्द जन्मापासूनच जमिनीशी बांधलेला आहे.

४.
मराठीने त्यासाठी निवडलेला ‘व्याप्ती’ हा शब्द मात्र तत्त्वज्ञानाच्या घरातला. ‘वि’ आणि ‘आप्’ मिळून ‘सर्वत्र भरून राहणे’ असा त्याचा अर्थ होतो. न्यायदर्शनात धूर आणि अग्नी यांच्या अतूट साहचर्याला व्याप्ती म्हणतात : जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. कायद्याने हा शब्द घेतला तेव्हा त्याला भूगोल चिकटला. जिथे जिथे हे राज्य, तिथे तिथे हा कायदा. ही व्याप्ती न्यायशास्त्रातल्यासारखी अतूट मात्र नव्हती, हे बीडने अनुभवले.

५.
इंग्रजी शब्दाला दोन अंगे आहेत. एक ‘कुठपर्यंत’ हे, म्हणजे प्रदेशाचे. दुसरे ‘कितपत’ हे, म्हणजे प्रमाणाचे. बोलत्या मराठीत या दोहोंसाठी एक शब्द नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. मराठी माणूस ‘काही अंशी’ म्हणतो, ‘बऱ्याच प्रमाणात’ म्हणतो, ‘तेवढ्यापुरते’ म्हणतो. ‘पर्यंत’ आणि ‘पुरता’ या दोन शब्दांनी भाषा आपले काम भागवते. जमिनीच्या व्यवहारात ‘क्षेत्र’ हा शब्द चालतो आणि दोन गावांच्या मध्ये अरबीतून आलेली ‘हद्द’ असते. कायद्याच्या मराठीला मात्र एकच पारिभाषिक शब्द हवा होता. म्हणून ‘व्याप्ती’वर दोन्ही ओझी पडली. या धाग्यात आधी प्रदेशाचे अंग पाहू, मग प्रमाणाचे.

६.
आता १९४८ च्या आधीचे चित्र. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात, त्याच्या पश्चिमेचा अहमदनगर जिल्हा ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. दोहोंच्या मध्ये काही अंतर सीना नदी सीमारेषेसारखी वाहते. पुष्कळ ठिकाणी तर नदीचाही आडोसा नव्हता. जामखेड तालुक्यातली कित्येक गावे निजामी मुलखात गुंतलेली होती. आष्टी आणि जामखेड या दोन्हीकडे भाषा तीच, माती तीच, सोयरीक एकमेकांत. पण नाणे वेगळे : इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. कचेरीची भाषा वेगळी : इकडे उर्दू, तिकडे मराठी आणि इंग्रजी. सरकारी वर्षही वेगळे : इकडे फसली, तिकडे इसवी. आणि कायदा वेगळा.

७.
कायदा वेगळा म्हणजे काय, हे एका विधवेच्या उदाहरणाने स्पष्ट होते. १९३७ साली मध्यवर्ती विधिमंडळाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा केला. त्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा दिला. तो मर्यादित हिस्सा होता; हयातीपुरता उपभोग घ्यावा, मुक्तपणे विकू नये, अशा स्वरूपाचा. तरी पोटगीवर जगणाऱ्या स्त्रीला हिस्सेदार मानणारे ते मोठे पाऊल होते. या कायद्याची व्याप्ती होती ब्रिटिश हिंदुस्थान. हैदराबाद संस्थान त्या व्याप्तीच्या बाहेर होते.

८.
म्हणून जामखेडात नांदणाऱ्या लेकीला जो हिस्सा कायद्याने मागता आला, तो आष्टीत नांदणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणीला त्या कायद्याने मागता आला नसता. दोघींचे माहेर एक, धर्म एक, दुःख एक. मधे फक्त एक हद्द. ब्रिटिश हिंदुस्थानातला हा कायदा हैदराबादेत पोहोचला तो भारतात विलीन झाल्यानंतर.

९.
आणि जामखेडच्या विधवेला तरी सगळे मिळाले काय? तेही नाही. १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने असा अभिप्राय दिला की शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांच्या अधिकारातला विषय आहे. त्यामुळे गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीच्या वारशाला हा मध्यवर्ती कायदा लागू होत नाही. घर मिळेल, दागिने मिळतील, शेताला मात्र प्रांताचा वेगळा कायदा लागेल. ज्या मुलखात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेतच, तिथे हा निकाल काय ठरला असेल, हे सांगायला नको. व्याप्तीची एक भिंत नकाशावर होती, दुसरी विषयांच्या यादीत होती.

१०.
बालविवाहाच्या कायद्याची गोष्टही अशीच. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. त्याचीही मूळ व्याप्ती ब्रिटिश हिंदुस्थानापुरतीच होती. त्यामुळे हद्दीपलीकडच्या संस्थानी मुलखात वऱ्हाड नेऊन लग्न उरकण्याची पळवाट उघडीच राहिली. पुढे दुरुस्ती करून ब्रिटिश प्रजाजन हद्दीबाहेर असले तरी त्यांना कायदा लागू होईल, असे लिहावे लागले. कायद्याने मग जमिनीचा पाठलाग सोडून माणसाचा पाठलाग सुरू केला. व्याप्तीचा हा दुसरा प्रकार : प्रदेशाची व्याप्ती आणि व्यक्तींची व्याप्ती. पण निजामाच्या स्वतःच्या प्रजेला, म्हणजे बीडच्या मुलींना, हा आधार तेव्हाही मिळाला नाही.

११.
निजामी राज्यात जबाबदार शासनपद्धती नव्हती. लोकांनी निवडून दिलेले, पूर्ण अधिकाराचे विधिमंडळ नव्हते. म्हणजे ज्या कायद्याखाली जगायचे तो बदलण्याचा मार्ग बीडच्या माणसापाशी नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत अध्यापन केले आणि पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले. त्या लढ्याची मागणी नागरी स्वातंत्र्याची आणि जबाबदार राज्यपद्धतीची होती. पुढे ती भारतात विलीनीकरणाची झाली. अंबाजोगाईचे सरकारी नाव त्या काळी मोमिनाबाद होते.

१२.
१३ ते १७ सप्टेंबर १९४८. भारतीय फौजांची कारवाई, निजामाची शरणागती. १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. सत्ता पाच दिवसांत बदलली. कायदे मात्र पाच दिवसांत बदलत नाहीत. बदलू नयेत हेही खरे, कारण एका रात्रीत सगळे जुने कायदे पुसले तर सातबारापासून खुनाच्या खटल्यापर्यंत कशालाच आधार उरणार नाही.

१३.
म्हणून २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अनुच्छेद ३७२ ची तरतूद केली : पूर्वीचे कायदे सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत चालू राहतील. हैदराबाद ‘ब’ वर्गाचे राज्य झाले आणि निजाम राजप्रमुख. बीडमध्ये तिरंगा होता, घटना होती, मूलभूत हक्क होते. तरीही गुन्ह्यांसाठी हैदराबादची स्वतंत्र दंडसंहिता आणि महसुलासाठी १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा चालूच होता.

१४.
फसली वर्षात साधारणपणे ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १३१७ फसली हे १९०७-०८ च्या सुमाराचे वर्ष. मराठवाड्यातील जुन्या जमिनीचा कागद वाचायला बसलेल्या वकिलाला आजही हे गणित पाठ असावे लागते.

१५.
१ एप्रिल १९५१ पासून ‘ब’ वर्ग राज्यांच्या कायद्यांविषयीचा मध्यवर्ती अधिनियम अमलात आला. त्याची भाषा रूक्ष आहे, काम मोठे आहे. अनेक मध्यवर्ती कायद्यांच्या व्याप्तीच्या कलमांत त्याने बदल केले आणि ते कायदे हैदराबादसारख्या राज्यांपर्यंत नेले. भारतीय दंडसंहिता १८६० ची, पुरावा अधिनियम आणि करार अधिनियम १८७२ चे. पुण्यात आणि नगरात ते तीन पिढ्या चालू होते. बीडला ते त्या दिवशी आले. कायद्याच्या मजकुरात जेमतेम काही शब्द बदलले. त्या शब्दांनी सबंध जिल्ह्याचे न्यायालयीन जग बदलले.

१६.
जमिनीचा प्रश्न मात्र राज्याचा होता, आणि तिथे हैदराबादने स्वतःची वाट काढली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द करण्याचा विनियम आला. १९५० मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला. त्या वेळी हैदराबादला निर्वाचित विधानसभा नव्हती, म्हणून कायदा राजप्रमुखाच्या अधिकारात झाला. ज्या निजामाच्या राज्यात कूळ दबलेले होते, त्याच निजामाच्या पदनामाने कुळाला संरक्षण देणारा कायदा निघावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग.

१७.
या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संकल्पना दिली. ठरावीक काळ सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला मालक सहजासहजी उठवू शकणार नाही. तो काळ मोजण्यासाठी कायद्याने दिलेल्या पर्यायांपैकी एक होता फसली १३४२ ते १३५२, म्हणजे साधारण १९३२ ते १९४३. याचा व्यवहारात अर्थ असा : हक्क भारतीय प्रजासत्ताकाचा, पण तो सिद्ध करायचा निजामाच्या वर्षांनी आणि निजामाच्या दप्तराने. ज्याचे नाव त्या वर्षांच्या कागदावर चढले होते, तो तरला. ज्याने तोंडी बोलीवर शेत कसले, त्याच्या घामाची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती.

१८.
आता पुन्हा १ नोव्हेंबर १९५६ कडे. राज्य पुनर्रचना अधिनियमाने हैदराबाद राज्याचे तीन तुकडे केले. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात, कन्नड भाग म्हैसूर राज्यात आणि मराठी भाग, म्हणजे मराठवाडा, मुंबई राज्यात गेला. हा कायदा करणाऱ्यांपुढे प्रश्न होता : नकाशा बदलला की कायदेही आपोआप बदलायचे का?

१९.
उत्तर दिले ते कलम ११९ ने. त्याचे शीर्षकच ‘कायद्यांची प्रादेशिक व्याप्ती’ असे आहे. त्याचा आशय असा : प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला म्हणून तिथल्या कायद्यांची व्याप्ती बदलली असे मानू नये. जो कायदा जिथे चालू होता तो तिथेच चालू राहील. कायद्यात ‘हैदराबाद राज्य’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ आदल्या दिवशीपर्यंतचे हैदराबाद राज्य असा घ्यावा. सक्षम विधिमंडळ वेगळे ठरवीपर्यंत हेच चालेल.

२०.
या कलमाने एक चमत्कारिक गोष्ट घडवली. हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले, पण कायद्याच्या पुस्तकात जिवंत राहिले. बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात होते, आणि कायद्याच्या भाषेत ‘हैदराबाद क्षेत्र’ही होते. विदर्भ मध्य प्रदेशातून आला, त्याचे स्वतःचे कायदे घेऊन. एका राज्याच्या पोटात अनेक जुनी राज्ये नांदू लागली.

२१.
याचा फरक किती मोठा होता? जुन्या मुंबई राज्याच्या भागात १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी, काही अपवाद वगळून, कूळ हे कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. नगर जिल्ह्यातल्या कुळाला ही तारीख लागू. हद्दीपलीकडच्या बीडमधल्या कुळाला ती लागू नाही. त्याच्यासाठी हैदराबादचा कायदा, संरक्षित कुळाची नोंद आणि त्या कायद्याची वेगळी प्रक्रिया. दोघेही आता एकाच राज्याचे नागरिक, एकाच मुख्यमंत्र्याचे मतदार. तरी सीनेच्या अलीकडे एक हक्क आणि पलीकडे दुसरा.

२२.
मग कायद्यापुढे समानता कुठे राहिली? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अन्य राज्याच्या संदर्भात आला. भोपाळ शुगर इंडस्ट्रीज विरुद्ध मध्य प्रदेश हे १९६४ चे प्रकरण. भोपाळ भागात शेती-प्राप्तिकर होता, नव्या मध्य प्रदेशाच्या इतर भागांत नव्हता. न्यायालयाने सांगितले की पुनर्रचनेतून आलेला असा भौगोलिक फरक तेवढ्याच कारणाने भेदभाव ठरत नाही. पण काळ लोटल्यावर हा फरक तसाच ठेवणे समर्थनीय राहते का, हा प्रश्न उठू शकतो, हेही न्यायालयाने नजरेआड केले नाही. इतिहासाने दिलेली सवलत कायमची असेलच असे नाही.

२३.
१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० मध्ये कलम ८७ आहे, आणि त्याचेही शीर्षक तेच : कायद्यांची प्रादेशिक व्याप्ती. चार वर्षांत दुसऱ्यांदा तीच तरतूद, तोच दिलासा, तोच गुंता. नव्या राज्यापुढे आता कायद्यांचे एकीकरण हे काम होते. त्याच वर्षी ६ जुलैला भाषा संचालनालय स्थापन झाले आणि कायद्याची मराठी घडवण्याचे काम संस्थेच्या रूपात सुरू झाले. राज्याचे एकीकरण आणि परिभाषेची घडण ही दोन्ही कामे बरोबरीने चालली.

२४.
एकीकरणाचे दोन मोठे टप्पे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा १९६१ चा अधिनियम २६ जानेवारी १९६२ पासून सबंध राज्यात अमलात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि १३१७ फसलीचा हैदराबादचा महसूल कायदा इतिहासजमा झाला. शिरूर कासारचा तलाठी आणि शिरूर घोडनदीचा तलाठी त्या दिवसापासून एका संहितेची पाने उलटू लागले. निजामी राज्य संपून तेव्हा जवळजवळ एकोणीस वर्षे झाली होती.

२५.
कुळकायदा मात्र एक झाला नाही. पश्चिम महाराष्ट्राचा वेगळा, विदर्भाचा १९५८ चा वेगळा, मराठवाड्याचा १९५० चा वेगळा. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावरील निर्बंध पाहावा. तो पश्चिम महाराष्ट्रात कलम ६३, विदर्भात कलम ८९ आणि मराठवाड्यात कलम ४७ मध्ये आहे. धोरणात एक बदल करायचा तर तीन कायद्यांत तीन दुरुस्त्या कराव्या लागतात. २०१२ मध्ये अनेक कायद्यांच्या नावांतील ‘मुंबई’ जाऊन तिथे ‘महाराष्ट्र’ आले. मराठवाड्याच्या कुळकायद्याच्या माथ्यावर मात्र ‘हैदराबाद’ तसेच राहिले.

२६.
सर्वांत खोल गुंता इनामांचा आहे. निजामी काळात निर्वाहासाठी दिलेली ती ‘मदतमाश’, मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली ती ‘खिदमतमाश’. १९५४ च्या हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करणाऱ्या अधिनियमाने इनामे संपवली. सगळी नव्हे. धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे आणि बलुत्यासह गावकीच्या सेवेची इनामे यांना हा कायदा लागू नाही, असे त्याने सांगितले. आणि हे सांगितले कुठे? पहिल्याच कलमात, व्याप्तीच्या वाक्यात.

२७.
त्या एका वाक्याचे पडसाद आजही मराठवाड्यात उमटतात. गावच्या देवस्थानाची जमीन पिढ्यान्पिढ्या एक कुटुंब कसत असते. कागदावर मालक देव असतो, कसणारा सेवेकरी असतो. अशी जमीन परवानगीविना विकता येत नाही, आणि विकली तर व्यवहार वादात सापडतो. घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात, घर बांधलेले असते, आणि मग कोणी तरी जुना मुंतखब बाहेर काढतो. मुंतखब म्हणजे इनामाची चौकशी होऊन दिलेला उतारा. तो उर्दूत, वर्ष फसली, आणि प्रश्न एकच : ही जमीन १९५४ च्या कायद्याच्या व्याप्तीत येते की बाहेर? मदतमाश असेल तर एक उत्तर, खिदमतमाश असेल तर दुसरे. दोन अक्षरांच्या फरकावर घराचा पाया उभा.

२८.
इथवर शब्दाचे ‘कुठपर्यंत’ हे अंग झाले. आता ‘कितपत’चे. घटनेचा अनुच्छेद १३ सांगतो की घटनेपूर्वीचे कायदे मूलभूत हक्कांशी जेवढे विसंगत असतील तेवढ्यापुरतेच ते शून्यवत ठरतील. अनुच्छेद २५४ मध्येही संसदेच्या आणि राज्याच्या कायद्यांतील विरोधाला, सर्वसाधारणपणे, तोच न्याय. हा ‘तेवढ्यापुरते’ फार मोलाचा आहे. एका कलमात दोष निघाला म्हणून सगळा कायदा बुडत नाही. दुखरा भाग कापावा, उरलेले शरीर जगवावे, अशी ही शल्यक्रिया आहे.

२९.
बीडसाठी हे केवळ तत्त्व नव्हते. निजामाच्या काळातले कायदे घटनेने एकगठ्ठा फेकले नाहीत आणि एकगठ्ठा स्वीकारलेही नाहीत. अनुच्छेद ३७२ ने त्यांना जगू दिले, अनुच्छेद १३ ने त्यांना गाळणी लावली. जे नागरिकाच्या हक्कांशी जुळते ते राहिले, जे जुळत नाही ते तेवढ्यापुरते गेले. प्रजेचे नागरिक होणे हे असे कलमाकलमाने घडले.

३०.
हा बीडचाच अपवाद नव्हे. गोव्याकडे पाहावे. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता संपली, पण १९६२ च्या प्रशासन अधिनियमाने तिथले चालू कायदे टिकवले. म्हणून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक आणि वारसाविषयक तत्त्वे गोव्यात पुढेही चालत राहिली. पतिपत्नींच्या समाईक मालमत्तेचा नियम सावंतवाडीच्या घराला लागू नाही, पेडण्याच्या घराला आहे. मधे तेरेखोल नदी. सीनेची गोष्ट तिथे वेगळ्या भाषेत घडली.

३१.
देशाच्या पातळीवर तर व्याप्तीच्या एका वाक्याने सत्तर वर्षे राजकारण व्यापले. ‘जम्मू आणि काश्मीर राज्य वगळून संपूर्ण भारतास लागू’ हे शब्द असंख्य कायद्यांच्या पहिल्या कलमात होते. २०१९ मध्ये ते गळाले.

३२.
आणि व्याप्ती हा शब्द बीडच्या चावडीवर आजही ताजा आहे. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी तिचे काम मराठवाड्यापुरते होते, कारण प्रश्न निजामकालीन दस्तऐवजांचा होता. काही आठवड्यांतच समितीची व्याप्ती राज्यभर वाढवण्यात आली. त्या निर्णयाविषयी मते टोकाची आहेत आणि वाद चालू आहे. इतिहासाच्या दृष्टीने नोंदवण्याजोगी गोष्ट एवढीच : निजामाचे दप्तर १९४८ मध्ये बंद झाले असे वाटत होते, ते पुन्हा उघडले गेले, आणि ते कुणाला, कुठपर्यंत लागू, हाच वादाचा गाभा ठरला.

३३.
‘व्याप्ती’ हा शब्द बीडच्या संदर्भात वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. माणसे समजतात की आपण देशात राहतो, राज्यात राहतो, जिल्ह्यात राहतो. कायद्याच्या दृष्टीने माणूस व्याप्तीत राहतो. विधवेचा हिस्सा, मुलीचे लग्नाचे वय, कुळाचे शेत, सेवेकऱ्याचे घर. यांपैकी प्रत्येक गोष्ट कधी ना कधी त्या एका कलमाने ठरवली.

३४.
त्या जामखेडच्या आणि आष्टीच्या दोन बहिणींचे पुढे काय झाले? १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम १४ ने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेची मर्यादित मालकी संपवून तिला पूर्ण मालकीण केले. त्या दिवशी बीड अजून हैदराबाद राज्यात होते. मुंबई राज्यात येण्यास साडेचार महिने बाकी होते. तरी या कायद्याला सीना आडवी आली नाही, कारण त्याची व्याप्ती जम्मू-काश्मीर वगळता संपूर्ण भारत होती. दोघी बहिणी राज्याच्या नकाशावर एकत्र येण्याआधी वारशाच्या कायद्यात एकत्र आल्या.

३५.
जुन्या कागदाची घडी उलगडताना, कुळाच्या दाव्याचा निकाल वाचताना किंवा नव्या कायद्याची बातमी ऐकताना पहिले कलम ओलांडून जाऊ नये. नाव, व्याप्ती, प्रारंभ. मधला शब्द सर्वांत लहान वाटतो. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र पिढ्यान्पिढ्या त्यानेच विचारले आहे : तू आत आहेस की बाहेर?

(धागा समाप्त)